चोखंदळ कॉकटील मादीला अंड्यांच्या हंगामात कॅल्शियम द्यायचे तरी कसे?

निपाणीची लेक:

नमस्कार. माझ्याकडे दीड वर्षापासून कॉकटील पोपटांची एक जोडी आहे. नर करडा आहे, मादी फिकट पिवळी आहे आणि दोघेही दोन वर्षांच्या पुढचे आहेत. फेब्रुवारीच्या अखेरीस मादीने पहिल्यांदाच अंडी घातली. एक दिवसाआड अशी चार अंडी झाली. परंतु दुसऱ्या अंड्याचे कवच इतके पातळ होते की दिवसा उबवायला बसणाऱ्या नराच्या वजनानेच ते पिचले, आणि चौथे तर कवचाशिवायच, ओल्या रबरी पिशवीसारखे, पिंजऱ्याच्या तळाशी पडलेले सापडले. त्या दिवशी मादी पिसे फुलवून कोपऱ्यात बसून होती आणि श्वासागणिक तिची शेपटी खालीवर होत होती. दुसऱ्या दिवशी ती सावरली, पण माझी ती रात्र कशी गेली हे मलाच ठाऊक. उरलेल्या दोन अंड्यांतून काही निघाले नाही.

कॅल्शियम कमी पडले असावे हे मला कळते. अडचण ते देण्याची आहे. दोघेही सूर्यफुलाच्या बियांशिवाय दुसऱ्या कशाला मनापासून तोंड लावत नाहीत. बाजारातील पक्ष्यांच्या दुकानातून जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम एकत्र असलेली बाटली आणली. दुकानदाराने वाटीभर पाण्यात दहा थेंब सांगितले. पाणी पिवळसर झाले आणि सकाळपासून दोघांनी त्याला चोच लावली नाही. दुपारी तीन वाजता मी साधे पाणी ठेवले तेव्हा दोघे वाटीवर अक्षरशः तुटून पडले. मग भुकटी आणून दाण्यांवर भुरभुरली, तर संध्याकाळी ती सगळी तळाच्या कागदावर टरफलांत मिसळलेली दिसली. उकडलेले अंडे कुस्करून ठेवले, तेव्हा नराने एक कण चोचीत धरला, लगेच टाकला आणि दांडीवर दोन्ही बाजूंनी चोच पुसून घेतली. समुद्रफेन (कटलफिश या समुद्री जीवाचे पांढरे, ठिसूळ कवच) तीन आठवडे टांगले आहे. त्या बाजूच्या दांडीवर ते बसतही नाहीत.

पिंजरा पुढच्या खोलीत काचेच्या खिडकीपाशी असतो. त्याच खोलीत आई दुपारी विड्या वळते. घरट्यासाठी सुताराकडून करून घेतलेली लाकडी पेटी अजून पिंजऱ्याला लावलेलीच आहे आणि नर पुन्हा तिच्या तोंडाशी शीळ घालू लागला आहे. पावसाळा तोंडावर आला आहे. अशा हट्टी पाखरांच्या पोटात हे सगळे कसे घालावे, आणि किती, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

शहापूरकर:

बाकीची चर्चा होत राहील, परंतु पेटी आजच काढावी. कॉकटील मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातले पक्षी आहेत आणि तेथे ते पावसाच्या मागोमाग वीण करतात. ढग, ओलावा, मुबलक खाणे आणि वर तयार घर एवढे मिळाले की मादी अंगात कॅल्शियम असो वा नसो, अंड्याला बसते. पेटी काढल्यावर रात्री पिंजरा लवकर झाकून बारा तास तरी अंधार द्यावा. थोडे दिवस नर ओरडेल, तो ओरडू द्यावा.

वडगावचा हातमागवाला:

ताई, आपण केलेल्या प्रयत्नांपैकी दोन मुळातच पक्ष्याच्या पोटापर्यंत पोहोचणारे नव्हते. तेव्हा पाखरांना हट्टी म्हणण्याआधी तेवढे पाहू या. पोपटाच्या कुळातले पक्षी दाणा सोलून खातात. कोरड्या दाण्यावर टाकलेली भुकटी टरफलावर बसते आणि टरफलाबरोबरच खाली पडते. आपण ती कागदावर पाहिलीत, म्हणजे औषध जेथे जायचे तेथेच गेले. पाण्याचेही तसेच आहे. एवढासा जीव दिवसभरात पाणी ते किती पिणार, आणि त्यातून त्याच्या अंगी किती गेले हे कोण मोजणार? शिवाय जीवनसत्त्वांचे पाणी उजेडात नासते, वाटीला बुळबुळीत थर धरतो, आणि चव बदलली म्हणून पक्ष्याने पाणी सोडले तर कॅल्शियमआधी पाण्यावाचूनच तो आजारी पडतो. बाटली जर कोंबड्यांसाठीची असेल तर तिच्यावरचे प्रमाण शेकडा पक्ष्यांच्या हिशेबाने लिहिलेले असते. त्यावरून वाटीभर पाण्याला दहा थेंब हा हिशेब कसा निघाला, हे त्या दुकानदारालाच विचारावे लागेल.

माझ्याकडे पंधरा वर्षे बजी आहेत. (आपल्याकडे सगळे त्यांना लव्हबर्डच म्हणतात, खरे लव्हबर्ड निराळे.) त्यांनीही पहिले वर्षभर अंड्याकडे ढुंकून पाहिले नाही. एकदा दुपारी माग थांबवून जेवायला बसलो असताना खांद्यावरची मादी हातावरून चालत ताटापर्यंत उतरली आणि भाकरीच्या फुगलेल्या पापुद्र्याची करपलेली कड तिने कुरतडायला सुरुवात केली. मऊ भागाला तिने हात लावला नाही, म्हणजे चोच लावली नाही; तिला ती कुरकुरीत कडच हवी होती. त्या दिवसापासून मी अंडे वाटीतून देणे बंद केले आणि भाकरीतून देऊ लागलो.

दोन मुठी ज्वारीचे पीठ घ्यावे. त्यात एक अंडे फोडावे, मूठभर शेवग्याचा पाला अगदी बारीक चिरून घालावा आणि थोडे गाजर किंवा लाल भोपळा किसून घालावा. अंड्याचे कवच दहा मिनिटे उकळून, आतला पडदा काढून, कडकडीत वाळवून मिक्सरमध्ये वाटावे आणि कापडातून गाळून त्याची पूड चहाचा अर्धा चमचा घालावी. मीठ, तेल, हळद, तिखट यांपैकी काहीही नको. धपाट्यासारखे पातळ थापून दोन्ही बाजूंनी चांगले कोरडे होईपर्यंत भाजावे. तवा लोखंडीच असावा; नॉनस्टिकचे भांडे जास्त तापले की त्यातून निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही, पण पिंजऱ्यातला पक्षी त्याने काही मिनिटांत मरू शकतो. फ्रिजमध्ये हे दोन-तीन दिवस टिकते. मऊ उकडलेले अंडे मात्र आपल्या उन्हाळ्यात दोन तासांच्या पुढे पिंजऱ्यात ठेवू नये.

आता हे खायला कसे लावायचे? कॉकटीलला नवी वस्तू दिसली की आधी भीती वाटते, भूक नंतर लागते. पहिले चार दिवस तुकडा पिंजऱ्यात ठेवूच नये. आपण पिंजऱ्यासमोर बसून तो स्वतः खावा, किंवा खाल्ल्यासारखे करावे. त्यानंतर सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया कुटून त्या भाकरीच्या चुऱ्यात मिसळाव्यात आणि उघड्या बशीत पहाटे, रोजचे दाणे देण्याआधी ठेवाव्यात. पक्षी सकाळी आणि मावळतीला जोमाने खातात, म्हणून पहाटेची भूक आपल्या कामी येते. दीड-दोन तासांनी नेहमीचे दाणे द्यायचेच. उपाशी ठेवून शिकवण्याचा प्रकार लहान पक्ष्यांवर करू नये. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्यावा, त्यावर एक दांडी बसवावी आणि रोज सकाळी वजन लिहून ठेवावे. नव्वद ग्रॅमची मादी एक्क्याऐंशीच्या जवळ आली तर सगळे थांबवून जुन्या आहारावर यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

सूर्यफुलाचे प्रमाणही हळूहळू उतरवावे. त्याच्या गरात जवळजवळ निम्मे तेलच असते. कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व नावालाच. त्याऐवजी राळा द्यावा. बेळगावच्या रविवार पेठेत तो ‘नवणे’ या कानडी नावाने मागितला तर लवकर मिळतो. शेतकऱ्याकडून राळ्याची अख्खी कणसे मिळाली तर उत्तम, कारण कणसाला नाही म्हणणारे पाखरू मी अजून पाहिलेले नाही. कणीस पाण्यात बुडवून झटकावे आणि सुरीने खरवडलेल्या समुद्रफेनाची पूड त्यावर भुरभुरावी. ओल्या कणसावर पूड चिकटते आणि दाणे उपटताना ती चोचीला, जिभेला लागतेच. घटस्थापनेला आपण पत्रावळीवर माती पसरून धान पेरतो, तसा राळा एका ताटलीत पेरून हिरवे कोंब चार बोटे वाढले की ताटलीसकट आत ठेवावी. माझ्या बजी आधी त्यात लोळतात, मग खातात. पालक मात्र टाळावा. त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवते.

एक राहिले. आईंनी विड्या वळलेल्या हातांनी दाणापाणी करू नये, आणि शक्य असेल तर पिंजरा त्या खोलीतून हलवावा. तंबाखूची बारीक धूळ दाण्यात आणि पाण्यात उतरते, आणि निकोटिन पक्ष्यांना विषच आहे.

घाटमाथ्यावरचा खानापूरकर:

हातमागवाले काका, लेख नव्हे, पाककृतीच लिहिलीत! पण एवढा खटाटोप कशाला, असे मला वाटते. आमच्या आजोबांकडे कबुतरे होती आणि ती जुन्या भिंतीचा चुना टोचून खात. त्यांच्या अंड्यांना कधी काही झाले नाही. पानाचा चुना हरभऱ्याएवढा पाण्यात टाकला की कॅल्शियमच मिळते ना? मी माझ्या बजींना महिन्यातून एकदा देतो. (त्यांची घरटी म्हणजे आमच्या कुंभारवाड्यातली मडकी, एका मडक्याला एक जोडी, कधी तक्रार नाही.)

भालकीचे गुरुजी:

खानापूरकर, आपल्या आजोबांची कबुतरे शहाणी होती. आपण मात्र त्यांच्यापेक्षा निराळी वस्तू देत आहात. भिंतीला लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे जवळजवळ खडूच. अंड्याचे कवच आणि समुद्रफेन हेही मुख्यतः तेच. पानाच्या डबीतला ओला चुना हा कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतो आणि तो दाहक आहे. तंबाखूबरोबर चुना जास्त झाला की आपली जीभ सोलते, मग तीस-चाळीस ग्रॅमच्या पक्ष्याच्या अन्ननळीचे काय होत असेल? महिन्यातून एकदा देऊन अजून काही झाले नसेल तर तो पक्ष्यांचा चिवटपणा समजावा, चुन्याचा गुण नव्हे. कृपया ते बंद करावे. आणि आजच्या भिंती टोचायला देऊ नयेत, कारण तेथे चुना नसून रंग असतो.

मडक्याविषयीही एक सांगतो. मडक्याचा तळ गुळगुळीत असतो. पिल्लांचे पाय त्यावर फाकतात, आणि कॅल्शियम कमी असलेल्या पिल्लांचे तर कायमचे फाकतात. सुताराकडचे रंध्याचे छिलके दोन बोटे जाडीने तळाशी घालावेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. कॅल्शियम पोटात गेले म्हणजे काम झाले असे नाही. ते आतड्यातून रक्तात यायला ड३ जीवनसत्त्व लागते. पक्ष्यांना ते ऊन अंगावर पडल्याने मिळते, पण त्यासाठी लागणारे अतिनील किरण खिडकीची काच अडवते. ताईंचा पिंजरा खिडकीपाशी आहे म्हणून पक्ष्यांना ऊन मिळते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्यांना फक्त उजेड आणि ऊब मिळते. म्हणून रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटे पिंजरा अंगणात न्यावा, अर्ध्यावर कापड टाकून सावली ठेवावी आणि मांजर-कावळ्यांमुळे स्वतः तेथेच थांबावे. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर ऊन कमी पडते, म्हणूनही त्या महिन्यांत पेटी लावू नये असे माझे मत आहे. वनस्पतींतून किंवा काही गोळ्यांतून मिळणारे ड२ पक्ष्यांना फारसे उपयोगी पडत नाही. अंड्याच्या बलकात ड३ असते, त्यामुळे हातमागवाल्यांची भाकरी शास्त्रालाही धरून आहे.

पूरक म्हणजे जितके जास्त तितके चांगले, ही समजूत मात्र घातक आहे. अ आणि ड ही जीवनसत्त्वे चरबीत विरघळतात, शरीरात साठतात, आणि ड३ अति झाले तर कॅल्शियम मूत्रपिंडांत जाऊन बसते. समुद्रफेन, कवचाची पूड, कणीस यांतले कॅल्शियम पक्ष्याने पुष्कळसे आपल्या गरजेप्रमाणे घ्यावे असे ठेवता येते. बाटलीतले ड३ त्याला नाकारता येत नाही. म्हणून एका वेळी एकच तयार औषध, तेही पक्ष्याचे वजन सांगून डॉक्टरांनी प्रमाण ठरवून दिले असेल तरच. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळीचा तुकडा मोडून देऊ नये.

आपण वर्णन केलेले फुलून बसणे आणि शेपटी हलणे हे अंडे अडकल्याचे लक्षण होते, हे स्पष्टच सांगतो. कवच तयार होण्याच्या वेळी रक्तातले कॅल्शियम उतरले की अंडे ढकलणारे स्नायूच दुबळे होतात. म्हणजे एकाच उणिवेमुळे कवचही पातळ होते आणि बाहेर टाकण्याची ताकदही राहत नाही. चार-पाच अंडी म्हणजे मादीच्या वजनाचा जवळजवळ पाव भाग, आणि तो सारा दीड आठवड्यात बाहेर टाकायचा असतो. पुन्हा तसे दिसले तर तिला झाकलेल्या लहान खोक्यात, सुमारे तीस अंश सेल्सियसच्या उबेत ठेवावे आणि त्याच दिवशी, तासाभरात म्हटले तरी चालेल, पशुवैद्यांकडे न्यावे. तेल लावून किंवा पोट दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न घरी करू नये. आत अंडे फुटले तर मादी हातची जाते. आमच्या बीदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ असल्याने आम्हाला ही सोय जवळ आहे. निपाणीहून कोल्हापूर किंवा बेळगाव यांपैकी कोठे पक्षी पाहणारे डॉक्टर आहेत, हे आताच, गरज नसताना, विचारून ठेवावे. गाई-म्हशींचे निष्णात डॉक्टर पक्ष्याला हात लावायला कचरतात, हे रात्री दहा वाजता कळू नये.

निपाणीची लेक:

सर्वांचे मनापासून आभार. पेटी काढली आहे. शंका अशी की, पेटी नसताना मादीने तळावरच अंडी घातली तर? आणि सूर्यफूल एकदम बंद करावे का?

शहापूरकर:

तळावर घातली तर तशीच राहू द्यावीत. उचलली की ती भरपाई म्हणून आणखी घालते. काही दिवसांनी कंटाळून ती स्वतःच सोडून देते, मग काढावीत. पिंजऱ्यातली मांडणी बदलली, जागा बदलली, तर बहुधा ती वेळच येत नाही. सूर्यफूल एकदम बंद करू नये.

वडगावचा हातमागवाला:

सूर्यफूल बक्षीस म्हणून राखून ठेवावे. माझ्या ओळखीतल्या एका जोडीला कणसाशेजारी हातातून एक-एक बी देऊन दोन महिन्यांत वळण लागले. आपल्याला तीन लागतील. कॉकटील बजींपेक्षा जास्त मानी असतात.

खानापूरकरांनी चुना बंद केला की नाही?

घाटमाथ्यावरचा खानापूरकर:

बंद केला, काका. छिलकेही घातले. गुरुजींनी वर्गात उभे केल्यासारखे वाटले खरे.

निपाणीची लेक:

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. पिंजरा आता मागच्या पडवीत आहे. सकाळी ऊन पडलेच तर त्यांना अंगणात नेते आणि आई दळण निवडत तेथे राखण करते. पहिले नऊ दिवस भाकरीचा तुकडा मी एकटीने खाल्ला. मीठ नसलेली ती भाकरी रोज खाणे ही माझीच परीक्षा होती. दहाव्या दिवशी नराने कडेचा एक कण घेतला आणि यावेळी चोच पुसली नाही. मादीला भाकरी अजूनही फारशी आवडत नाही, पण ओल्या कणसावरची समुद्रफेनाची पूड ती घेते. संध्याकाळी तिच्या चोचीच्या कडेला पांढरी रेघ दिसते, त्यावरून मला कळते. टांगलेल्या समुद्रफेनावरही परवा तीन बारीक ओरखडे दिसले, मात्र ते कोणाचे हे मी पाहिले नाही.

मादीचे वजन मध्यंतरी ९१ ग्रॅमवरून ८७ वर आले होते, तेव्हा मी घाबरून दोन दिवस नुसते दाणे दिले. आज ते ९२ आहे. बाटली परत केली. दुकानदाराने पैसे दिले नाहीत, त्याबदल्यात राळा दिला. आता विचारायचे एवढेच की, पेटी पुन्हा केव्हा लावावी?

भालकीचे गुरुजी:

मादी भाकरी किंवा तत्सम मऊ खाणे स्वतःहून खाऊ लागल्यावरच, कारण पिल्ले झाल्यावर तेच खाणे तिच्या गळ्यातून त्यांना जायचे आहे. जे ती खात नाही ते ती भरवणारही नाही. त्यानंतर सलग महिना-दीड महिना वजन स्थिर राहावे आणि ऊन परतलेले असावे. माझ्या हिशेबाने दसऱ्याच्या आधी घाई करू नये, आणि वर्षातून दोन विणींपेक्षा जास्त कधीच होऊ देऊ नयेत.

निपाणीची लेक:

दसऱ्यापर्यंत थांबते, गुरुजी. पेटी माळ्यावर टाकली आहे. नर मात्र रोज सकाळी पिंजऱ्याच्या त्या रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून शीळ घालतो, आणि आई आतून म्हणते, “अरे, पाऊस तरी संपू दे.”